जलरंगांतला समुद्र : चित्रकार विन्स्लो होमर



शाळेतल्या रंगपेटीची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना आहे. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी, तीत रंगांच्या दहाबारा वड्या, एक कुंचला आणि पाण्याची वाटी. तासाच्या शेवटी वाटीतलं पाणी गढूळ होतं, कागद ओला होऊन फुगतो, आणि निळ्या आभाळात झाडाचा हिरवा रंग पसरत जातो. मग गुरुजी म्हणतात, "अरे, आधी वाळू दे!" जलरंग म्हटला की आपल्या मनात येतो तो असा मुलांचा खेळ.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या पुष्कळ जाणत्या मंडळींचंही मत याहून फारसं निराळं नव्हतं. खरा चित्रकार तैलरंगात रंगवतो. जलरंग हे टिपणं करण्यासाठी, मासिकातल्या चित्रांसाठी, किंवा फावल्या वेळात फुलं काढणाऱ्या घरंदाज बायकांसाठी, अशी समजूत होती. ही समजूत ज्यांनी मोडली त्यांत विन्स्लो होमर या चित्रकाराचं नाव पुढे घ्यावं लागतं. आज मी त्याची हकीकत सांगणार आहे. ती सांगताना एका समुद्रकाठच्या गावाकडे आणि तिथल्या कोळणींकडे आपण जरा जास्त वेळ थांबू, कारण या माणसाच्या कलेला खरं वळण मिळालं ते तिथे.

विन्स्लो होमरचा जन्म २४ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी झाला. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची हाकाटी झाली, तेव्हा तेही नशीब काढायला तिकडे गेले आणि हात हलवीत परत आले. आई हेन्रिएटा मात्र जलरंगात फुलांची सुरेख चित्रं काढी. म्हणजे ज्या माध्यमाला लोक बायकांचा विरंगुळा म्हणत, ते या मुलाने आईच्याच हाती पाहिलं होतं. पुढे आईची चित्रंही प्रदर्शनात लागली, हे मुद्दाम सांगायला हवं.

कलाशाळेत जाण्याइतकी घरची ऐपत नव्हती. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास वडिलांनी त्याला बॉस्टनमधल्या बफर्ड नावाच्या शिळाछाप छापखान्यात उमेदवारीला घातलं. गाण्यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं आणि नामांकितांच्या तसबिरी दगडावर उतरवायच्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. रेष पक्की झाली, पण जीव विटला. १८५७ साली वयाला एकवीस वर्षं पुरी होताच तो तिथून जो बाहेर पडला, त्याने पुन्हा कोणाची बांधील चाकरी म्हणून केली नाही. नियतकालिकांना चित्रं पुरवायची आणि मिळेल त्यात भागवायचं, असा क्रम सुरू झाला. १८५९ साली तो न्यूयॉर्कला आला. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकाने त्याला कायमची जागा देऊ केली, तीही त्याने घेतली नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं. गुलामगिरीचा प्रश्न या युद्धाच्या मुळाशी होता. छायाचित्र थेट छापण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून साप्ताहिकं आपले चित्रकार सैन्याच्या छावणीवर धाडीत. ते डोळ्यांनी पाहून रेखाटत आणि इकडे कारागीर ती चित्रं लाकडावर कोरून छापीत. होमर हे काम करायला गेला. लढाईच्या धुमाळीपेक्षा छावणीत कंटाळलेला शिपाई, पत्र वाचणारा शिपाई, घरच्या आठवणीने गप्प झालेला शिपाई, हे त्याच्या नजरेत जास्त भरलं. १८६६ साली त्याने 'आघाडीवरचे कैदी' हे तैलचित्र केलं आणि त्याचं नाव झालं. त्यानंतर तो दहाएक महिने फ्रान्सलाही राहून आला.

आता जलरंगांकडे वळू. ही कला इंग्लंडात फार भरास आलेली होती. लंडनला जलरंगचित्रकारांचं मंडळ १८०४ सालीच निघालं होतं. अमेरिकेत तसं मंडळ निघायला १८६६ साल उजाडलं. १८७३ च्या आरंभी न्यूयॉर्कला एक मोठं प्रदर्शन भरलं, त्यात इंग्रज चित्रकारांचीही जलरंगचित्रं मांडलेली होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात होमर मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरावर गेला आणि तिथे त्याने पहिल्यांदा नेट लावून जलरंग हाती धरला. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. नवं शिकायला वय आड येत नाही, याला हे एक उदाहरण.

ग्लॉस्टरची ती चित्रं पोरांची आहेत. अनवाणी पोरं, धक्क्यावर पाय सोडून बसलेली, होडीत दाटीवाटीने चढलेली, ओहोटीच्या पाण्यात शिंपल्या वेचणारी. चित्रं उन्हाने भरलेली आहेत. लोकांना ती आवडली, विकलीही गेली. पण जाणकारांनी नाकं मुरडली. हे तर अर्धवट टाकलेलं काम, असं काहींनी म्हटलं. हेन्री जेम्स या नामवंत लेखकाने १८७५ साली लिहिताना या खेडवळ विषयांबद्दल आपली नावड अगदी उघड बोलून दाखवली. मात्र ज्यात काही सुंदर नाही तेच सुंदर असल्याच्या निर्धाराने हा माणूस रंगवतो आणि त्यात यश मिळवतो, अशा अर्थाची कबुलीही त्याला द्यावी लागली.

तर १८८० पर्यंत होमरचं असं चाललेलं होतं. नाव होतं, गिऱ्हाईक होतं. असाच आणखी वीस वर्षं तो गोड गोड चित्रं काढीत राहता तर कोणी त्याला दोष दिला नसता. पण १८८१ च्या वसंतात, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो बोटीत बसून इंग्लंडला गेला. आणि गेला तो लंडनच्या चित्रशाळांत रमला नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाईन नदीच्या मुखाजवळ, कलरकोट्स नावाच्या मासेमारीच्या गावी त्याने बिऱ्हाड केलं आणि नोव्हेंबर १८८२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस महिने, तो तिथेच राहिला.

या गावाची थोडी माहिती घ्या. समोर उत्तर समुद्र, थंड आणि लहरी. एक लहानसा अर्धगोल उपसागर, मागे कडा, कड्यावर कोळ्यांची बैठी घरं. त्यांच्या होडीला तिथे 'कोबल' म्हणत. नाळ उंच, मागची बाजू सपाट, म्हणजे लाटा फोडून बाहेर जावं आणि परत येताना थेट वाळूवर लावावी. कड्याच्या टोकाला १८७९ च्या सुमारास बांधलेलं एक टेहळणीघर होतं. वादळ झालं की गाव तिथे जमे. जहाज खडकावर आपटलं तर दोर फेकून माणसं ओढून काढण्यासाठी गावकऱ्यांनीच स्वयंसेवकांची तुकडी उभारली होती. शेजारच्या टाईनमाउथला अशी पहिली तुकडी १८६४ मध्ये निघाली आणि पुढल्याच वर्षी कलरकोट्सने आपली काढली.

आता तिथल्या कोळणींचं काम ऐका. आपल्या किनाऱ्यावरच्या आयाबहिणींना ते परकं वाटणार नाही. पुरुष समुद्रावर जाई. पण त्याच्या गळाला आमिष कोण लावी? बायको आणि मुली. खडकांवरचे कालव-शिंपले खरवडून आणायचे, सोलायचे, आणि लांबच लांब दोराला बांधलेल्या शेकडो गळांना एकेक करून लावायचे. होडी पाण्यात लोटायला बायका, परत आली की ओढायला बायका. जाळं फाटलं तर विणायला बायका. आणि मासळी आली की पाठीवर वेताची जड टोपली घेऊन आठ-नऊ मैलांवरच्या न्यूकॅसल शहरात दारोदार विकायला जायचं, तेही बायकांनीच. जाड निळ्या लोकरीचा घोळदार घागरा, कमरेला पदरासारखं फडकं आणि डोक्याला रुमाल, असा त्यांचा पेहराव. समुद्रात एकट्या पुरुषाची होडी दिसत असली तरी ती होडी दोघांच्या बळावर चाले.

होमरने या बायका पाहिल्या आणि त्याचा हात बदलला. पूर्वी त्याच्या चित्रांतल्या स्त्रिया सहलीला आलेल्या असत. छत्री उघडून समुद्राची मौज बघत. कलरकोट्सची स्त्री समुद्राची मौज बघत नाही. ती होडी येते की नाही ते बघते. दोन्ही नजरा समुद्राकडेच लागलेल्या, पण त्यांत केवढं अंतर!

'समुद्रावरची संकटं' हे १८८१ चं जलरंगचित्र घ्या. टेहळणीघराच्या कठड्यापाशी पुरुषांचा घोळका पाठमोरा उभा आहे, सगळे समुद्राकडे पाहताहेत. अलीकडे दोन बायका आहेत. चित्रात बुडणारं जहाज नाही, आक्रोश नाही. समुद्रावर काय घडतं आहे ते आपल्याला दिसतच नाही. पण त्या दोघींच्या उभं राहण्यातून सगळं कळतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'आयर्न क्राऊन' नावाचं जहाज टाईनच्या मुखाशी वादळात अडकलं. होमर किनाऱ्यावर हजर होता. त्याने तिथे टिपणं केली आणि जहाजाकडे निघालेली बचावाची होडी जलरंगात उतरवली.

१८८२ चं 'जाळं दुरुस्त करताना' हे चित्र त्याउलट अगदी शांत आहे. बाकावर दोन मुली शेजारी शेजारी बसल्या आहेत. एकीच्या हाती जाळं, दुसरीच्या हाती मोजा. मान खाली, बोटं कामात. मागे फारसं काही रंगवलेलंच नाही. बघणाऱ्याला वाटावं, कोणी जुन्या ग्रीक देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या या मूर्ती आहेत. मोजा रफू करणाऱ्या मुलीला मूर्तीचा मान द्यावा, असं या चित्रकाराला वाटलं.

आता या मालिकेतलं एकच चित्र जरा निवांत पाहू. नाव 'इनसाइड द बार', म्हणजे बंदराच्या तोंडाशी वाळूचा जो आडवा पट्टा साचतो त्याच्या आतल्या बाजूचं, आसऱ्याचं पाणी. होमरने हे चित्र १८८३ साली, अमेरिकेला परतल्यावर, तिकडच्या टिपणांवरून पुरं केलं. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कागद साधारण पंधरा इंच उंच आणि अठ्ठावीस इंच रुंद.

चित्रात किनाऱ्यावर एक कोळीण टोपली घेऊन चालली आहे. मागे पाण्यावर होड्या आणि त्यांत पुरुष माणसं. वर करड्या ढगांनी जड झालेलं आभाळ. वारा जोराचा सुटला आहे. वारा रंगवता येत नाही, तो दाखवायचा कसा? होमरने तो त्या बाईच्या कमरेच्या फडक्यात भरला आहे. फडकं फुगलं आहे, अगदी शीड फुगावं तसं. आणि मागे होड्यांची शिडं आहेतच. नजर फडक्यावरून शिडाकडे जाते आणि शिडावरून परत फडक्याकडे येते. होडी वाऱ्याशी झुंजते तशी ही बाईही झुंजते आहे, हे एक अक्षर न लिहिता त्याने सांगून टाकलं. शिवाय तिला त्याने जवळ घेऊन एवढी उंच रंगवली आहे की सगळा समुद्र तिच्या मागे पडला आहे. बिचारी म्हणून तिची कीव यावी असं तिच्यात काही नाही.

शिक्षक मित्रांनी इथे एक प्रश्न विचारावा, आणि तो इतिहासाचा आहे. हे चित्र म्हणजे त्या काळच्या गावाचा पुरावा मानायचा का? उत्तर असं की मानायचा, पण डोळे उघडे ठेवून. कारण होमरने जे गाळलं तेही ध्यानात घ्यायला हवं. त्या वेळी कलरकोट्स हे काही जगापासून तुटलेलं गाव नव्हतं. उन्हाळ्यात शहरातली मंडळी तिथे हवा खायला येत. चित्रकारांचा तर तो अड्डाच होता. टाईन नदीवर कोळशाचा आणि जहाजबांधणीचा प्रचंड कारभार चालू होता. आणि मुख्य गोष्ट म्हणजे शेजारच्याच नॉर्थ शील्ड्स बंदरात १८७७ साली 'मेसेंजर' नावाच्या वाफेच्या बोटीला मोठं जाळं जोडून मासेमारीचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. बघता बघता वाफेच्या बोटी वाढल्या. शिडाच्या होडीने आणि हाताने आमिष लावलेल्या गळाने पकडलेली मासळी त्यांच्यापुढे किती दिवस टिकणार? वाफेच्या किंवा यंत्राच्या बोटीमुळे लहान होडीवाल्याचं काय होतं, हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना मी सांगायला नको.

होमरच्या कोळणींच्या चित्रांत हवा खाणारी गर्दी नाही, धुराडी क्वचितच. त्याने बाई, होडी, वारा आणि समुद्र एवढंच ठेवलं. म्हणजे ज्या जगण्याच्या मुळाशी तेव्हाच कुऱ्हाड लागली होती, ते त्याने असं रंगवलं की जणू ते अनादि काळापासून चालत आलं आहे आणि पुढेही चालणार आहे. यात थोडा भाबडेपणा आहे, असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. त्या बायकांची मजुरी, त्यांचं कर्ज, त्यांचं दुखणंखुपणं चित्रात येत नाही. पण दुसरीही बाजू पाहा. राजेरजवाड्यांच्या तसबिरी ढिगाने निघत होत्या. पाठीवर टोपली वाहणाऱ्या बाईकडे इतक्या गंभीरपणे पाहणारे किती निघाले? चित्र आपल्याला गावाची जमाखर्चाची वही देत नाही. ती इतिहासकाराने इतर कागदपत्रांतून जुळवायची. त्या बाईची चाल कशी होती आणि वारा किती होता, हे मात्र कागदपत्रांत मिळत नाही. ते चित्रातच मिळतं.

होमर परत गेला आणि ही इंग्लंडची चित्रं न्यूयॉर्कला लोकांपुढे आली, तेव्हा 'अर्धवट काम' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. मारियाना व्हॅन रेन्सलियर या विदुषी समीक्षक बाईंनी १८८३ सालीच 'सेंच्युरी' मासिकात त्याच्यावर लेख लिहून या चित्रांचा गौरव केला. पण होमर न्यूयॉर्कमध्ये राहिला नाही. त्याच वर्षी तो मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ भूशिरावर जाऊन राहिला. घरच्यांनी तिथे जागा घेतली होती. तिथला घोडागाडीचा तबेला दुरुस्त करून त्याने त्याची चित्रशाळा केली आणि समुद्राच्या अंगाला एक लांब सज्जा काढून घेतला. लग्न केलं नाही. हिवाळ्यात शेजारची उन्हाळी घरं बंद होत, पण हा वादळं बघत सज्जावर उभा असे. २९ सप्टेंबर १९१० रोजी तिथेच त्याचा अंत झाला. पोर्टलंडच्या कलासंग्रहालयाने ती चित्रशाळा २००६ साली विकत घेतली आणि डागडुजी करून २०१२ पासून लोकांना पाहायला खुली केली.

कलरकोट्सची शिदोरी त्याला जन्मभर पुरली. दोरावरून बाईला वाचवणारा स्वयंसेवक असलेलं १८८४ चं 'जीवनदोर', आणि लहान होडीत मोठे मासे टाकून वल्ही मारताना क्षितिजावर धुकं चढत येताना बघणारा एकटा कोळी असलेलं १८८५ चं 'धुक्याचा इशारा', ही त्याची गाजलेली तैलचित्रं. समुद्र, माणूस आणि त्यांच्यातला झगडा हा विषय त्याने कलरकोट्सच्या वाळूवरून उचलला होता.

पण थंडीच्या दिवसांत तो दक्षिणेकडे जाई, आणि तिथे जलरंगांनी पुन्हा रूप पालटलं. १८८४-८५ च्या हिवाळ्यात एका मासिकाच्या कामगिरीवर तो बहामा बेटांवर आणि क्यूबाला गेला. ती बेटं कशी? आपल्या कोकणासारखीच म्हणा ना : नारळाची झाडं, पांढरी वाळू आणि पाचूसारखं पाणी. इंग्लंडच्या करड्या आभाळाखाली तो रंगावर रंगाचे थर चढवी. इथे त्याने एका हाताने रंग टाकायला सुरुवात केली. एकदा पसरलेला निळा रंग, तोच समुद्र. कोरा ठेवलेला कागद, तेच ऊन.

ऊन रंगवलं म्हणून तो माणसं विसरला असं मात्र नाही. १८८५ चं 'नासाऊची बाग' पाहा. एक उंच पांढरी भिंत, आत फुलं आणि नारळाचं झाड. बाहेर दाराशी एक लहान काळा मुलगा उभा आहे. एवढंच. ब्रिटिश वसाहतीतली गुलामगिरी कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी गेली होती, पण भिंत होती तिथेच होती. त्या बेटांवरचे काळे कोळी, पाण्यातून स्पंज काढणारे, कासव धरणारे, त्याने पुढे पुन्हा पुन्हा रंगवले. १८९९ च्या 'चक्रीवादळानंतर' या जलरंगचित्रात एक माणूस वाळूवर पडला आहे, शेजारी फुटलेली होडी. आभाळ हळूहळू निवळतं आहे. तो जिवंत आहे की नाही, हे चित्र सांगत नाही.

आता हे सगळं तो करी कसं? जलरंग म्हणजे रंगाची पूड आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. पाणी घातलं की रंग काचेसारखा पारदर्शक होतो आणि खालचा पांढरा कागद त्यातून उजेड देतो. म्हणून निव्वळ जलरंगात पांढरा रंग नसला तरी चालतं. पांढरं म्हणजे कागद. जिथे फेस हवा तिथे कागद सोडायचा. सोडायला विसरलात तर? होमर ओल्या कुंचल्याने रंग भिजवून टिपून काढी. सुरीच्या टोकाने वाळलेला रंग खरवडून लाटेच्या माथ्यावर चमक आणी. मुलांना आपण सांगतो की जलरंगात चूक दुरुस्त होत नाही. होमरचे कागद भिंगाखाली पाहिले तर त्यांवर पुसल्याच्या, खरवडल्याच्या खुणा जागोजाग दिसतात. सहज वाटणारं ते पाणी सहजासहजी आलेलं नाही.

या कागदांचं एक दुखणंही आहे. काही रंग उजेडाला टिकत नाहीत, विशेषतः जुने तांबडे. १८८७ साली होमरने शेतात काम करणाऱ्या एका मुलाचं जलरंगचित्र केलं. त्यातलं आभाळ पुढल्या पिढ्यांनी फिकट, जवळजवळ कोरं असं पाहिलं. शिकागोच्या कलासंस्थेतल्या तज्ज्ञांनी अलीकडे, २००८ च्या सुमारास, कागदावर उरलेल्या रंगाच्या कणांची शास्त्रीय तपासणी केली, तेव्हा कळलं की ते आभाळ मुळात सूर्यास्ताच्या तांबूस रंगाने भरलेलं होतं. ती संध्याकाळ उजेडानेच उडवून नेली! म्हणून मोठी संग्रहालयं अशी चित्रं थोडे दिवस मंद उजेडात लावतात आणि मग अंधाऱ्या कपाटात विसाव्याला ठेवतात. आपल्या शाळेत मुलांची चांगली चित्रं असतील तर ती खिडकीसमोरच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगू नका. चार महिने लावा, मग कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवा.

होमरच्या अखेरच्या वर्षी, १९१० मध्ये, मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याची बारा जलरंगचित्रं एकदम घेतली. १९१२ साली ब्रुकलिनच्या संग्रहालयानेही बारा घेतली. फावल्या वेळचा विरंगुळा समजल्या जाणाऱ्या कागदाला तैलचित्राच्या शेजारी जागा मिळाली. स्वतः होमर मात्र आपल्याविषयी बोलायला नाखूष असे. चरित्र लिहू पाहणाऱ्या एका लेखकाला त्याने कळवलं होतं की माझ्या आयुष्यातल्या मोठ्या गंमतीच्या भागाशी लोकांना काही कर्तव्य नाही. चरित्र निघालं ते १९११ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

जलरंगाची ती विलायती रीत आपल्याकडेही आली. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, म्हणजे होमर बफर्डच्या छापखान्यातून सुटला त्याच साली. तिथून महादेव विश्वनाथ धुरंधरांसारखे जलरंगावर हुकमत असलेले चित्रकार निघाले. मूळचे सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं जे चित्र म्हैसूरला लोक रांगा लावून पाहतात, तेही जलरंगातलंच आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. तेव्हा या माध्यमाला धाकटं समजण्याचं आपल्यालाही कारण नाही.

गुरुजनांना शेवटी एक सुचवावंसं वाटतं. चित्रकलेच्या तासाला मुलं डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी आणि झोपडी काढतात. न पाहिलेला डोंगर आणि न पाहिलेली झोपडी. एखाद्या दिवशी त्यांना वर्गाबाहेर न्या. गाव किनाऱ्यावर असेल तर मासळी उतरते त्या वेळी न्या. देशावर असेल तर बाजारच्या दिवशी, नाहीतर पाणवठ्यावर. काम करणाऱ्या माणसाकडे दहा मिनिटं नुसतं बघायला सांगा : ओझं घेतल्यावर कंबर कुठे वाकते, वाऱ्यात पदर कसा फुगतो, ओढताना पाय कुठे रोवतो. मग परत येऊन तीच साधी रंगपेटी उघडा. चित्र ओबडधोबड येईल, रंग एकमेकांत मिसळतील. पण त्यातली बाई त्या मुलाने पाहिलेली असेल, आणि बहुधा तिचं नावही त्याला ठाऊक असेल.